किमान कंटेनर इमेज : काय ठेवावे, काय वगळावे

शापोरा नदीच्या उत्तर तीरावर चोपडे आणि समोर दक्षिण तीरावर शिवोली. पूल होण्यापूर्वी बार्देशातून पेडण्याच्या किनारपट्टीकडे येणाऱ्या अनेकांना येथे फेरीबोटीची वाट पाहावी लागे. फेरीत जागा मोजकी असल्याने बरोबर काय घ्यायचे आणि काय मागे ठेवायचे, हा विचार धक्क्यावर पोहोचण्यापूर्वीच करावा लागे. आज चोपडे, मोरजी, मांद्रे, हरमल या पट्ट्यात राहून दूरच्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी आहेत. पर्यटन व्यावसायिकांसाठी आरक्षणाचे, हिशेबाचे छोटे प्रोग्राम तयार करणारेही आहेत. आपला प्रोग्राम क्लाऊडमधील सर्व्हरवर पाठवताना त्यांच्यापुढेही हाच प्रश्न असतो : पेटीत काय भरायचे? त्या पेटीला संगणकाच्या परिभाषेत 'कंटेनर इमेज' म्हणतात. कंपाइल केलेल्या प्रोग्रामसाठी ही पेटी किती लहान करता येते, ती लहान करताना काय गमावण्याचा धोका असतो आणि मराठीतून चालणाऱ्या सेवांनी कोणती विशेष काळजी घ्यावी, याचा हा आढावा.

कंटेनर म्हणजे काय?

'कंटेनर' हा शब्द बंदरावरून आला. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज अमेरिकेतील न्यूअर्क बंदरातून ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले. माल्कम मॅक्लीन या वाहतूक व्यावसायिकाची कल्पना साधी होती : माल गोणीगोणीने चढवण्याऐवजी ठरावीक मापाच्या पेटीत बंद करावा, मग पेटीत काय आहे याची चिंता क्रेनला, जहाजाला किंवा ट्रकला राहत नाही. मुरगाव बंदरावर कंटेनर पाहिलेल्या गोमंतकीयांना ही कल्पना नवी नाही.

सॉफ्टवेअरमधील कंटेनरचे तत्त्व तेच आहे. प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या लायब्ररी, सेटिंगच्या फाइल्स असे सारे एका पेटीत बंद केले, की ती लॅपटॉपवर, कार्यालयातील सर्व्हरवर किंवा क्लाऊडमध्ये जवळजवळ सारखीच चालते. 'माझ्या मशीनवर तर चालत होते' ही प्रोग्रामरची जुनी सबब त्यामुळे पुष्कळशी निकालात निघाली.

या तंत्राची मुळे जुनी आहेत. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या काळात 'सीएचरूट' ही सोय आली. एखाद्या प्रोग्रामला फाइल व्यवस्थेचा केवळ एक कोपरा दाखवून तेच संपूर्ण जग आहे असे भासवणे, हे तिचे काम. २००० मध्ये फ्रीबीएसडीने 'जेल' आणले. गुगलमधील पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केलेले 'सीग्रुप्स'चे काम २००८ च्या प्रारंभी लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले. त्यामुळे कोणत्या प्रोग्रामने किती मेमरी आणि किती प्रोसेसर वापरावा, याला मर्यादा घालता येऊ लागली. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेतील अवघ्या काही मिनिटांच्या सादरीकरणात 'डॉकर' जगापुढे ठेवले आणि तज्ज्ञांपुरते असलेले हे तंत्र सामान्य प्रोग्रामरच्या हाती आले. २०१५ मध्ये 'ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह' स्थापन होऊन पेटीचे माप सर्वांसाठी एक झाले.

येथे दोन शब्दांतील फरक ध्यानात घ्यावा. इमेज म्हणजे बंद करून ठेवलेली पेटी आणि कंटेनर म्हणजे ती पेटी उघडून प्रत्यक्ष चालू झालेले काम. एका इमेजपासून कितीही कंटेनर सुरू करता येतात. कंटेनर स्वतःचा स्वतंत्र गाभा, म्हणजे कर्नेल, घेऊन येत नाही. यजमान यंत्राचा लिनक्स गाभाच तो वापरतो. त्यामुळे पेटीत संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम भरण्याची तांत्रिक गरज मुळात नसते. तरीही प्रत्यक्षातील बहुतेक इमेजमध्ये ती जवळजवळ पूर्णपणे भरलेली आढळते.

थरांची रचना आणि तिचा फसवा हिशेब

इमेज एकसंध नसते. ती थरांची बनलेली असते. बांधणीच्या कृतीतील फाइल्स बदलणारी प्रत्येक पायरी एक नवा थर निर्माण करते आणि प्रत्येक थराला त्याच्यातील मजकुरावरून काढलेली एक अद्वितीय अंकमुद्रा असते. दोन इमेजचा पायाभूत थर समान असेल, तर सर्व्हर तो एकदाच उतरवून घेतो.

ही रचना सोयीची असली तरी तिच्यात एक गफलत होते. पहिल्या थरात ३०० एमबीची फाइल घातली आणि पुढच्या थरात ती पुसली, तर इमेज लहान होत नाही. पुसल्याची केवळ खूण वरच्या थरात राहते. मूळ फाइल खालच्या थरात जशीच्या तशी असते. आकारापुरते हे चालून जाईल; परंतु खालच्या थरात चुकून डेटाबेसचा पासवर्ड किंवा पेमेंटची गुप्त किल्ली गेली असेल, तर वर ती पुसूनही इमेज हाती आलेल्या कोणालाही ती काढून घेता येते. म्हणूनच नको असलेली वस्तू नंतर काढण्यापेक्षा ती पेटीत मुळात न घालणे, हाच किमान इमेजचा पहिला नियम ठरतो.

कंपाइल केलेल्या प्रोग्रामला मिळणारी सवलत

पायथन, पीएचपी किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला प्रोग्राम चालण्यासाठी त्या भाषेचा दुभाषा सतत बरोबर लागतो. सी, गो किंवा रस्ट यांसारख्या भाषांत मात्र कंपायलर आधीच सारा मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवतो. एकदा ही कार्यवाहू फाइल, म्हणजे 'बायनरी', तयार झाली की कंपायलरची गरज संपते. घर बांधून झाल्यावर परांची काढून टाकतात, तसेच हे आहे.

मात्र सर्वच बायनरी सारख्या स्वावलंबी नसतात. 'डायनॅमिक' जोडणी केलेली बायनरी सुरू होताना यंत्रावरील लायब्ररी शोधते. 'स्टॅटिक' जोडणी केलेल्या बायनरीत लागणारे सारे आतच शिवलेले असते. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेत सी भाषेशी असलेला दुवा, म्हणजे 'सीजीओ', बंद ठेवून बांधणी केली की लिनक्ससाठी संपूर्ण स्टॅटिक बायनरी मिळते. रस्टमध्ये 'मसल' या लहान सी लायब्ररीला लक्ष्य करून तोच परिणाम साधता येतो. जावानेही त्या दिशेने पावले टाकली. २०१७ च्या जावा ९ मधील 'जेलिंक'मुळे लागेल तेवढाच रनटाइम बरोबर नेता येतो आणि 'ग्रालव्हीएम'च्या साहाय्याने जावा प्रोग्रामची थेट बायनरी करता येते.

या फरकाकडे दुर्लक्ष झाले, की नवशिक्यांना हमखास छळणारी एक चूक घडते. डायनॅमिक बायनरी रिकाम्या पेटीत ठेवून चालवली असता 'अशी फाइल अस्तित्वात नाही' असा संदेश येतो. फाइल तर डोळ्यांसमोर असते! प्रत्यक्षात जी सापडत नाही, ती त्या बायनरीला सुरू करून देणारी 'लोडर' नावाची दुसरीच फाइल असते.

दोन टप्प्यांची बांधणी

एक उदाहरण घेऊ. समजा, चोपडे येथील एका होमस्टेसाठी खोल्यांचे आरक्षण घेणारी छोटी सेवा गो भाषेत लिहिली आहे. ती पाहुण्याची नोंद करते, यूपीआयने रक्कम आल्याची खातरजमा करते आणि मराठीत पावती तयार करते. कंपायलरसह असलेली गोची अधिकृत इमेज उलगडल्यावर सुमारे ८०० एमबी भरते. तयार बायनरी मात्र साधारण १० ते २० एमबीची असते. पूर्वी यासाठी दोन स्वतंत्र कृती लिहून त्यांना स्क्रिप्टने जोडावे लागे. मे २०१७ मधील डॉकरच्या १७.०५ या आवृत्तीपासून एकाच कृतीत अनेक टप्पे मांडता येऊ लागले. या पद्धतीला 'मल्टि-स्टेज' बांधणी म्हणतात. तिच्या पायऱ्या अशा :

१. पहिला टप्पा कंपायलर असलेल्या इमेजपासून सुरू करावा व त्याला नाव द्यावे.

२. परावलंबी लायब्ररींची यादी आधी आत घ्यावी व त्या उतरवून घ्याव्यात. यादी बदलली नाही, तर पुढच्या वेळी हा थर साठवणीतून मिळतो आणि वेळ वाचतो.

३. त्यानंतर मूळ मजकूर घेऊन, सीजीओ बंद ठेवून बायनरी तयार करावी. शोधदुरुस्तीची माहिती वगळण्याचे पर्याय दिल्यास तिचा आकार आणखी घटतो.

४. दुसरा टप्पा रिकाम्या किंवा किमान इमेजपासून सुरू करावा.

५. पहिल्या टप्प्यातून केवळ बायनरी व मोजक्या आवश्यक फाइल्स उचलून दुसऱ्यात ठेवाव्यात.

६. प्रोग्राम सामान्य वापरकर्त्याच्या अधिकाराने चालेल असे सांगून कृती संपवावी.

पहिल्या टप्प्यातील कंपायलर, मूळ मजकूर आणि तात्पुरत्या फाइल्स अंतिम इमेजमध्ये येतच नाहीत. 'डॉकरइग्नोर' ही फाइल लिहून गुप्त किल्ल्या, जुना इतिहास आणि चाचणीचा डेटा बांधणीच्या दारातच थांबवावा, हे उत्तम.

लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्या प्रोसेसरची जातही पाहावी. अ‍ॅपलच्या नव्या लॅपटॉपवर आर्म जातीची इमेज सहज तयार होते. ती इंटेल जातीच्या सर्व्हरवर नेली, की कार्यवाहू फाइलचे स्वरूप चुकीचे असल्याची तक्रार येते. बांधणीच्या वेळी लक्ष्य स्पष्ट लिहिले, की हा प्रसंग टळतो.

पायासाठी चार पर्याय

दुसऱ्या टप्प्याचा पाया कोणता घ्यावा, यावर अंतिम पेटीचे स्वरूप ठरते.

डेबियन : पूर्ण इमेज सुमारे १२४ एमबी. शेल, पॅकेज व्यवस्थापक, नेहमीची साधने असे सारे हाताशी असते. 'स्लिम' हा तिचा कमी वजनाचा प्रकार.

अल्पाइन : सुमारे ५ एमबी. शेल आणि पॅकेज व्यवस्थापक आहेत. परंतु पाया मसल लायब्ररीचा असल्याने प्रचलित 'ग्लिबसी'वर बांधलेली बायनरी येथे चालेलच असे नाही.

डिस्ट्रोलेस : गुगलने प्रचारात आणलेला प्रकार. स्टॅटिक बायनरीसाठीची सर्वांत लहान इमेज सुमारे २ एमबी. शेल नाही, पॅकेज व्यवस्थापक नाही. मात्र प्रमाणपत्रे, कालविभागांची माहिती आणि सामान्य वापरकर्ता एवढे दिलेले असते.

स्क्रॅच : हे रिकामेपणाचेच नाव आहे. आत काहीही नसते. जे आपण ठेवू तेवढेच.

या आकड्यांचा अर्थ पेडण्यातील इंटरनेटच्या भाषेत असा. दहा एमबीपीएस वेगाच्या जोडणीवरून ८०० एमबी पाठवायला साडेदहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो आणि १२ एमबीला सुमारे दहा सेकंद. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही लपंडाव खेळत असताना हा फरक कागदावरचा राहत नाही. थर दाबून पाठवले जातात आणि पायाभूत थर एकदा पोहोचल्यावर पुन्हा जात नाही, हेही खरे. त्यामुळे रोजच्या कामातील बचत या हिशेबापेक्षा कमी भरते. बायनरी आणखी दाबणारी साधनेही उपलब्ध आहेत. परंतु थर मुळातच दाबलेले असल्याने त्यांचा लाभ थोडा आणि सुरू होताना लागणारा वेळ व मेमरी अधिक, असा व्यवहार होतो.

रिकाम्या पेटीत विसरल्या जाणाऱ्या गोष्टी

मोठ्या इमेजमध्ये बऱ्याच गोष्टी न मागता मिळतात. स्क्रॅच निवडले, की त्या एकेक करून आठवाव्या लागतात.

*विश्वासाची प्रमाणपत्रे.* पेमेंट सेवेशी सुरक्षित संपर्क साधताना समोरच्याची ओळख पटवण्यासाठी मूळ प्रमाणपत्रांचा संच लागतो. तो नसेल, तर प्रमाणपत्र अज्ञात संस्थेने दिल्याचे सांगून प्रोग्राम संपर्क नाकारतो. ही तपासणी बंद करून वेळ मारून नेण्याचा मोह कधीही धरू नये. पहिल्या टप्प्यातील संच उचलून ठेवावा.

*कालविभाग.* 'एशिया/कोलकाता' या नावामागची माहिती पेटीत नसेल, तर गो भाषेतील प्रोग्राम चूक दाखवतो. सी लायब्ररीवर अवलंबून असलेले अनेक प्रोग्राम काहीही न बोलता जागतिक वेळ धरतात. मग पहाटे दोन वाजता केलेले आरक्षण आदल्या दिवशी रात्री साडेआठचे म्हणून नोंदले जाते आणि दिवसाचा हिशेब चुकतो. भारतात उन्हाळी वेळ पाळत नसल्याने साडेपाच तासांचा फरक थेट लिहून भागते असे वाटेल. परंतु ब्रिटनमधील पाहुण्याला त्याच्या घड्याळाप्रमाणे वेळ कळवायची झाली, की ते अपुरे पडते. ऑगस्ट २०२० मधील गो १.१५ पासून ही माहिती बायनरीतच समाविष्ट करता येते.

*वापरकर्ता.* काही सांगितले नाही, तर कंटेनरमधील प्रोग्राम सर्वाधिकारी 'रूट' म्हणून चालतो. स्क्रॅचमध्ये वापरकर्त्यांची यादीच नसते; म्हणून नावाऐवजी क्रमांक द्यावा. डिस्ट्रोलेसमध्ये त्यासाठी ६५५३२ हा क्रमांक राखलेला आहे.

*तात्पुरत्या फाइल्सची जागा.* पावती तयार करताना तात्पुरती फाइल लिहिली जात असेल, तर त्यासाठीची निर्देशिका पेटीत असावी लागते. नाहीतर चाचणीत चालणारी पावती सर्व्हरवर अडते.

*सुरू आणि बंद करण्याची रीत.* शेल नसल्याने आज्ञा शेलच्या शैलीत लिहून चालत नाही. ती चौकटी कंसातील यादीच्या रूपात द्यावी लागते. कंटेनर थांबवताना प्रोग्रामला आधी नम्र सूचना मिळते आणि डॉकर सामान्यतः १० सेकंद, तर कुबरनेटीस ३० सेकंद वाट पाहून त्याला बळजबरीने बंद करते. एवढ्या अवधीत हातातील आरक्षण पूर्ण करून बाहेर पडण्याची व्यवस्था प्रोग्राममध्येच लिहावी.

मराठीसाठीची पथ्ये

वरील यादी इंग्रजीतील बहुतेक मार्गदर्शिकांत सापडते. पुढच्या तीन गोष्टी तेथे क्वचितच असतात. आकार कमी करताना सर्वांत आधी बाहेर पडते ती इंग्रजीखेरीज इतर भाषांची सामग्री, आणि इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पहिली गोष्ट फॉन्टची. किमान इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो. पुष्कळशा मोठ्या सर्व्हर इमेजमध्येही नसतो. अशा पेटीत तयार झालेल्या पीडीएफ पावतीत 'चोपडे' या शब्दाच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग उमटते. या चौकोनांना मुद्रणाच्या जगात 'टोफू' असे टोपणनाव आहे आणि ते नाहीसे व्हावेत या हेतूनेच गुगलच्या फॉन्टमालेला 'नोटो' हे नाव मिळाले. नोटोचा देवनागरी फॉन्ट किंवा लोहित देवनागरी हे दोन्ही मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. फेब्रुवारी २०२१ मधील गो १.१६ पासून अशी फाइल बायनरीतच अंतर्भूत करता येते. रस्टमध्येही ती सोय आहे. फॉन्टची काही शे केबी वाचवण्यासाठी ग्राहकाच्या हाती चौकोन देणे, हा तोट्याचा व्यवहार होय.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या जुळणीची. देवनागरीत फॉन्ट असणे पुरेसे नाही. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसावी, रफार योग्य अक्षरावर चढावा, 'क्ष' आणि 'ज्ञ' एकसंध उमटावेत, यासाठी जुळणी करणारे स्वतंत्र साधन लागते. 'हार्फबझ' ही त्यासाठीची सर्वाधिक वापरली जाणारी लायब्ररी. ती सी++ मध्ये लिहिलेली असल्याने सीजीओ बंद ठेवून तयार केलेल्या गो बायनरीत थेट जोडता येत नाही. मग प्रोग्रामर एखादी सोपी पीडीएफ लायब्ररी निवडतो आणि पावतीवर वेलांट्या व जोडाक्षरे विस्कळीत उमटतात. गो आणि रस्ट या दोन्ही भाषांत हार्फबझची रूपांतरे उपलब्ध आहेत, ती वापरावीत. ते शक्य नसेल, तर स्टॅटिकचा हट्ट सोडून आवश्यक लायब्ररी असलेला पाया घ्यावा.

तिसरी गोष्ट वर्णानुक्रमाची. मराठी वर्णमालेत ळ, क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. युनिकोडच्या अंकक्रमात मात्र ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये आहे आणि क्ष व ज्ञ यांना स्वतंत्र स्थान नसल्याने ते अनुक्रमे क आणि ज मध्ये जातात. त्यामुळे केवळ अंकांवरून लावलेल्या यादीत 'वेळ' हा शब्द 'वेश'च्या आधी येतो. अल्पाइनमधील मसल लायब्ररी भाषेनुसार क्रम लावत नाही. ग्लिबसीवर चालणारा डेटाबेस अल्पाइनवर हलवला आणि ग्राहकांच्या किंवा गावांच्या याद्यांचा क्रम बदलला, तर कारण येथे शोधावे. 'आयसीयू' या लायब्ररीत मराठीचे नियम आहेत. परंतु तिचा डेटा काही दशक एमबींचा असतो. यादी महत्त्वाची असेल, तर ते वजन सोसावे.

लहान म्हणजे सुरक्षित?

किमान इमेजची शिफारस बहुधा सुरक्षेच्या नावाने होते. ती बरीचशी रास्त आहे. प्रोग्राममधील त्रुटीतून कोणी आत शिरला, तरी त्याला शेल, डाउनलोडची साधने किंवा पॅकेज व्यवस्थापक सापडत नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांनी 'एक्सझी' या दाबणी लायब्ररीतील छुपा मागचा दरवाजा उघडकीस आणला, तेव्हा आपल्या यंत्रांत ही लायब्ररी कोठे कोठे आहे, हे शोधण्याची धावपळ जगभर उडाली. जे पेटीत नाही, त्याची अशी धास्ती नसते.

परंतु दुसरी बाजूही आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' त्रुटी जाहीर झाली. डायनॅमिक जोडणीच्या प्रोग्रामांसाठी यंत्रावरील एक लायब्ररी बदलून प्रोग्राम पुन्हा सुरू करणे पुरेसे होते. तीच लायब्ररी आत शिवलेली प्रत्येक स्टॅटिक बायनरी मात्र नव्याने बांधावी लागली. स्टॅटिक बायनरी म्हणजे गोठवलेला क्षण. तो आपोआप अद्ययावत होत नाही. वर्षभरापूर्वी बांधलेली २ एमबीची इमेज ही मागच्या आठवड्यात बांधलेल्या १०० एमबीच्या इमेजपेक्षा अधिक धोकादायक असू शकते.

शिवाय त्रुटी शोधणारी अनेक साधने पॅकेज व्यवस्थापकाची नोंदवही वाचून निदान करतात. स्क्रॅचमध्ये ती नोंदवहीच नसते. तेव्हा 'शून्य त्रुटी' असा अहवाल आला, तर त्याचा अर्थ 'काही दिसले नाही' एवढाच असू शकतो. गोच्या बायनरीत वापरलेल्या मॉड्यूलची यादी नोंदलेली असते आणि 'गोव्हल्नचेक' हे साधन ती वाचू शकते, ही जमेची बाजू. इतर भाषांत बांधणीच्या वेळीच घटकांची यादी, म्हणजे 'एसबॉम', तयार करून इमेजसोबत ठेवावी. देशाच्या संगणक सुरक्षेची जबाबदारी असलेल्या 'सर्ट-इन'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यादीबाबत तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. शासकीय कामे घेऊ इच्छिणाऱ्या गोव्यातील छोट्या कंपन्यांनी ती वाचून ठेवणे हिताचे.

यावरून व्यवहाराचा नियम निघतो : बांधणी स्वयंचलित असावी आणि मजकुरात बदल नसला तरी ठरावीक अंतराने ती पुन्हा व्हावी. पायाभूत इमेज 'लेटेस्ट' अशा सरकत्या नावाने न घेता तिच्या अंकमुद्रेने बांधून घ्यावी आणि ती मुद्राही नियमाने पुढे न्यावी.

बिघाड झाला तर

शेल नसलेल्या पेटीत शिरून पाहणी करता येत नाही, ही या पद्धतीवरील सर्वांत मोठी तक्रार. त्यावर उपाय आहेत. डिस्ट्रोलेसचा 'डीबग' प्रकार छोट्या शेलसह मिळतो. तो चाचणीपुरता वापरावा. कुबरनेटीसमध्ये चालू कंटेनरच्या शेजारी साधनांनी युक्त असा तात्पुरता कंटेनर जोडता येतो. ऑगस्ट २०२२ मधील १.२५ या आवृत्तीपासून ही सोय स्थिर झाली आहे.

खरा उपाय मात्र आधीच करायचा असतो. प्रोग्रामने आपली नोंदवही पेटीतील फाइलमध्ये न लिहिता बाहेरच्या प्रवाहात सोडावी, कारण कंटेनर काढून टाकला की आतील फाइलही जाते. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे आणि निर्देशांत नमूद केलेल्या सायबर घटना सहा तासांत कळवणे अपेक्षित आहे. कंटेनरसोबत नोंदीही नष्ट झाल्या, तर हे दोन्ही अशक्य होते.

कधी करू नये?

एकच सर्व्हर, एकच प्रोग्राम आणि तो सांभाळणारी एकच व्यक्ती असेल, तर स्टॅटिक बायनरी थेट सर्व्हरवर ठेवून लिनक्सच्या सेवा व्यवस्थापकाकडून चालवणे पुष्कळदा पुरेसे असते. पायथन किंवा पीएचपीमधील जुन्या प्रणालीला ओढूनताणून किमान पेटीत बसवण्यात दिवस घालवण्यापेक्षा 'स्लिम' इमेज घेणे शहाणपणाचे. चमूला तंत्र नवे असेल, तर डिस्ट्रोलेसपासून सुरुवात करावी. प्रमाणपत्रे, कालविभाग आणि वापरकर्ता तेथे तयार मिळतात. स्क्रॅचचा मार्ग आपल्या प्रोग्रामला नेमके काय लागते, हे ठाऊक झाल्यावरचा.

ते ठाऊक झाले की नाही, याची एक सोपी परीक्षा आहे. तयार झालेली अंतिम इमेज, लॅपटॉपवरील प्रत नव्हे, चालवून तिच्याकडून एक पावती काढून घ्यावी. पावतीत 'चोपड्याच्या', 'विर्नोडा', 'क्षेत्र' आणि 'सुट्टी' हे शब्द असावेत, वेळ मध्यरात्रीनंतर साडेबाराची असावी, सोबत आगरवाडा, चोपडे, तुये, पार्से, मांद्रे, हरमल अशी गावांची यादी असावी आणि एक खरा पेमेंट संपर्क त्याच इमेजमधून व्हावा. अक्षरे धड, तारीख बरोबर, क्रम मराठी आणि संपर्क सुरक्षित असेल, तर पेटी पाठवण्यास हरकत नाही. यातील एक जरी चुकले, तरी काय विसरले ते किनाऱ्यावरच कळते. पाहुणा दारात उभा असताना कळण्यापेक्षा ते बरे.